चौतिसाव्या रस्त्यावरची पेपीटा

दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबून मिसेस सॅली स्मिथ संध्याकाळी घरी येते. चार मजली इमारतीचा खिळखिळा जिना चढते. वाटेत शेजारी भेटतात. देवाच्या नावात रंगून गेलेली सेंट ज्युलिया जोन्स, ताईत-तोडगे विकणारा प्रॉफेट विल्यम्स, शाळेत शिकवणारा आणि लेखक व्हायची आस धरून बसलेला अल्फ्रेड. सॅलीला नऊ मुलं. ती हॅमचं हाडूक आणि पाला शिजत टाकते, रताळी आणि मक्याची भाकरी करायला घेते. मग मुलं मोजते, तर एक कमी भरतं. पेपीटा नाही.

कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांची 'इन द मेक्का' ही दीर्घकविता १९६८ साली प्रसिद्ध झाली. मेक्का हे शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका इमारतीचं नाव. सॅली आणि तिची मुलं दारोदार जाऊन एकच प्रश्न विचारतात: आमची पेपीटा पाहिलीत का? प्रत्येक दारात उत्तर मिळतं की नाही, आम्ही नाही पाहिली, आणि मग त्या दारातला माणूस आपलंच काहीतरी बोलू लागतो. एक खापरपणजी म्हणते, पेपीटा मला दिसली नाही, पण गुलामीतली आमची खोपटी आठवते. मातीची जमीन, त्या मातीत काहीतरी वळवळायचं, आम्ही सहा पोरं कोपऱ्यात अंग मुडपून झोपायचो आणि घरातच पडणाऱ्या पावसाचे टपोरे थेंब नाकावर यायचे. लोम नॉर्टन नावाच्या शेजाऱ्याला बेल्सन आणि डाखाऊच्या नाझी छळछावण्या आठवतात. हरवलेल्या एका पोरीला शोधता शोधता गुलामी, युरोपातला नरसंहार, भूक, देवधर्म, प्रेमप्रकरणं, सगळं दारांतून बाहेर येतं आणि पोरगी काही सापडत नाही.

कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांचा वारसा, त्यांची ओळख, त्यांना हवा असलेला न्याय यांवर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला त्यातलं जे थोडंफार कळलं ते या कवितेतल्या दारांमुळे.

मेक्का फ्लॅट्स ही खरीखुरी इमारत होती. स्टेट स्ट्रीट आणि चौतिसावा रस्ता मिळतात तिथे १८९२ साली बांधलेली. पुढच्याच वर्षी शिकागोत कोलंबियन जागतिक प्रदर्शन भरलं, त्या पाहुण्यांवर डोळा ठेवून बांधलेली. सुमारे शंभर घरं, मध्ये दोन मोठे चौक, चौकांवर काचेचं छप्पर, आणि प्रत्येक मजल्यावर चौकाकडेने फिरणारी गॅलरी. गॅलरीला वेलबुट्टीचे लोखंडी कठडे. आधी तिथे गोरी, खाऊनपिऊन सुखी कुटुंबं राहायची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडच्या राज्यांतून काळी माणसं आगगाड्या भरभरून शिकागोला येऊ लागली. कापसाची शेतं, कधी न फिटणारं कर्ज आणि झाडाला टांगून मारणाऱ्या झुंडी मागे टाकून आलेली. 'शिकागो डिफेंडर' हे काळ्यांचं वर्तमानपत्र त्यांना या म्हणून हाका मारत होतं. शहराने त्यांना कत्तलखान्यात आणि पोलादाच्या कारखान्यात काम दिलं, राहायला मात्र एक चिंचोळा पट्टा. बाकीच्या वस्त्यांतले घरमालक आपसात करार करायचे की ही घरं काळ्या माणसाला विकायची नाहीत, भाड्यानेही द्यायची नाहीत. असे करार कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली ठरवलं, तोवर कितीतरी पिढ्यांची घरं त्या पट्ट्यातच कोंबली गेली होती. पट्ट्याचं नाव ब्रॉन्झव्हिल. मेक्का तिथली. शंभर घरांत हजाराहून जास्त माणसं राहू लागली.

शेजारच्या तंत्रशिक्षण संस्थेला, म्हणजे आजच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला, आवार वाढवायचं होतं. तिने इमारत घेतली ती पाडण्यासाठी. रहिवासी भांडले, प्रश्न राज्याच्या विधिमंडळापर्यंत नेला, पाडकाम कित्येक वर्षं लांबवलं. १९५२ च्या जानेवारीत मेक्का पडली. तिच्या जागेवर १९५६ साली वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांचा क्राउन हॉल उभा राहिला.

क्राउन हॉल मला फार आवडतो, हे आधी सांगायला हवं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या इमारतींची पाहणी हेच माझं रोजचं काम. २२० फूट लांब, १२० फूट रुंद आणि आत एकही खांब नाही. छपरावरून चार पोलादी गर्डर आडवे जातात आणि अख्खं छप्पर त्यांना खालून टांगलेलं आहे. चारी बाजूंनी काच. आत उभं राहिलं की आपण ज्या विद्येत पडलो ती काय करू शकते हे दिसतं. मुंबई-पुण्याची कितीतरी मराठी मुलं दरवर्षी या आवारात शिकायला येतात. ग्रीन लाइनच्या पस्तिसाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरतात, त्या स्टेशनच्या नावातच ब्रॉन्झव्हिल आहे. २०१८ साली क्राउन हॉलच्या बाजूला खोदकाम करताना जमिनीखाली मेक्काच्या तळघराच्या रंगीत फरशा निघाल्या.

ब्रूक्सबाईंनी हे सगळं ओळखून कवितेच्या अगदी सुरुवातीला मीस व्हान डेर रोहे यांचं नाव घेतलंय. एका ओळीत त्यांना बाजूला व्हायला लावलंय आणि लगेच सॅलीला जिन्यावर आणलंय. ती ओळ वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही. कारण इमारत पाडायची ठरली की तिचा अहवाल लिहिणारी माणसं आम्हीच. भेगा किती रुंद, गंज कुठवर गेला, गळती कुठून, कुठली तुळई वाकली, सोबत क्रमांक घातलेले फोटो. रहिवाशांसाठी त्यात एक रकाना असतो आणि रकान्यात एक आकडा. मेक्काचा असा कागद कुणाच्या तरी कपाटात असेलच. ब्रूक्सबाईंनी त्याच इमारतीचा दुसरा अहवाल लिहिला, घरटी एक, माणसांचा. कुणाच्या हाती काय पडलं, कुणावर काय बेतलं, कोण काय खात होतं, कोण कुणाची वाट बघत होतं. न्याय मागायला जायचं तर आधी अमुक माणूस इथे होता हे कुठेतरी लिहून ठेवलेलं लागतं. मेक्कातल्या लोकांसाठी ते काम कवितेने केलं.

मेक्का त्यांनी आतून पाहिली होती. १९१७ साली कॅन्ससमधल्या टोपीका गावी त्यांचा जन्म, पण काही आठवड्यांच्या असतानाच आईवडील त्यांना घेऊन शिकागोला आले ते कायमचे. आजोबा गुलामीतून पळून आलेले. वडिलांना डॉक्टर व्हायचं होतं, ते एका संगीत कंपनीत सफाई कामगार झाले. आई शिक्षिका होती आणि मुलगी कवी होणार हे तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. शाळकरी वयातच त्यांच्या कविता 'डिफेंडर'मध्ये छापून येऊ लागल्या. सोळाव्या वर्षी चर्चमध्ये नामवंत कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांची गाठ पडली, त्यांनी तिथेच कविता वाचल्या आणि लिहीत राहा म्हणून सांगितलं. ज्युनिअर कॉलेज संपल्यावर मंदीच्या दिवसांत एकोणीस वर्षांच्या ग्वेंडोलिनला नोकरी मिळाली ती मेक्कातल्या एका बुवाच्या टायपिस्टची. हा बुवा नशीब फळफळवणाऱ्या पुड्या आणि प्रेम जुळवणारं औषध विकायचा. काही महिन्यांनी बुवाने त्यांना आपली मदतनीस धर्मोपदेशक हो म्हणून गळ घातली, त्यांनी नकार दिला आणि नोकरी गेली. कवितेतला प्रॉफेट विल्यम्स तिथून आलाय. तीस वर्षं त्यांनी हे मनात वागवलं.

लग्नानंतर त्यांनी स्वतः किचनेटमध्ये दिवस काढले. जुन्या मोठ्या फ्लॅटांचे तुकडे पाडून एकेका कुटुंबाला एकेक खोली द्यायची, खोलीत एक शेगडी, संडास-बाथरूम मजल्याला मिळून एक, त्याला किचनेट म्हणायचे. १९४५ च्या 'अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल' या पहिल्याच संग्रहात त्यावर एक छोटी कविता आहे. कांद्याच्या फोडणीचा वास, बटाटे तळल्याचा वास आणि पॅसेजमध्ये कुजत चाललेला कालचा कचरा, यांतून वाट काढून एखादं स्वप्न आपल्यापर्यंत पोचेल का, पोचलंच तर त्याला सांभाळायला आपल्याकडे फुरसत असेल का, असा विचार चाललेला असतो. तेवढ्यात पाच नंबरचा बाथरूममधून बाहेर पडतो आणि आता कोमट पाणी तरी मिळेल म्हणून सगळं सोडून धावावं लागतं. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे बादली घेऊन उभी राहिलेली मुलगी ही कविता कशी वाचते, हे तिथे वाढलेल्यांना सांगायला नको.

१९५० साली त्यांना 'ॲनी ॲलन' या संग्रहासाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. कुठल्याही कृष्णवर्णीय लेखकाला मिळालेलं ते पहिलं पुलित्झर. बातमी कळली तेव्हा घरात अंधार होता, बिल भरलं नव्हतं म्हणून वीज तोडलेली होती. दुसऱ्या दिवशी वार्ताहर कॅमेरे आणि दिवे घेऊन आले, ते दिव्यांच्या तारा प्लगमध्ये घालणार म्हणून बाई धास्तावल्या, आणि दिवे लागले. कुणीतरी गुपचूप वीज जोडून दिली होती. ही आठवण त्या स्वतः सांगायच्या.

'इन द मेक्का' मी आईला फोनवर सांगितली. इंग्रजी कविता तिला वाचता येत नाही, पण गोष्ट म्हणून ऐकायला तिला आवडलं. दमल्या दिवशी थोडीशीच सांगितली आणि उरलेली उद्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी फोन उचलल्या उचलल्या आईने विचारलं, "सापडली का गं पोरगी?"

अजून नाही म्हटलं. अजून दारंच चालू आहेत.

"असंच असतं. आपण काय विचारायला गेलो ते राहतं बाजूला. आधी त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. ज्याच्या त्याच्या मागे काहीतरी लागलेलंच असतं ना."

एका अख्ख्या समीक्षाग्रंथात या कवितेच्या रचनेबद्दल याहून नेमकं मला कुठे सापडलं नाही. शेजारी निर्दयी नाहीत. त्यांच्या पाठीवर इतकं लादलेलं आहे की दुसऱ्याची पोर हरवल्याचं दुःख आत शिरायला जागाच उरलेली नाही. माणसांना एका पट्ट्यात कोंबण्याचा हा परिणाम ब्रूक्सबाई कुठेही भाषण न देता दाखवतात. आणि त्यांना आपल्या लोकांचा राग येत नाही असंही नाही. तो येतो, आणि तोही कवितेत आहे.

शेवट सांगताना माझाच आवाज नीट निघेना. जमैकन एडवर्ड नावाच्या शेजाऱ्याच्या खाटेखाली, धुळीत, पेपीटा मिळते. मारलेली. कधीकाळी तिने गुलाबाच्या पाकळ्यांना हात लावला की आतून कसं रेशमी वाटतं, अशी दोन ओळींची जुळवाजुळव केली होती. म्हणजे ती कवी होती. इमारतीतला अल्फ्रेड मोठमोठ्या कवींची नावं घेत राहतो, आणि यमक जुळवणारी पोर खाटेखाली पडलेली असते.

आईने बऱ्याच वेळाने विचारलं, "पोलीस आले होते का?"

आले होते. पण काळ्या बाईच्या पोरीसाठी त्यांना घाई नव्हती, असं कवितेत म्हटलंय.

"मग काय तर," आई म्हणाली.

पप्पांचं मत वेगळं होतं. ते बेस्टमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या चाळींत पँथरची सभा झाली, दगडफेक झाली, दंगल पेटली, तेव्हा ते कॉलेजात जायच्या वयाचे. दलित पँथर १९७२ साली मुंबईत निघाली ती लिहिणाऱ्या पोरांनी काढली: नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. हे नातं त्याहून जुनं आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हार्लेम ही काळ्यांची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, अस्पृश्यांसाठी तसंच काही करता येईल का याचा विचार चालला होता. डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. आमच्या घरच्या कपाटात 'अस्मितादर्श'चे अंक आणि जनार्दन वाघमाऱ्यांचं अमेरिकन निग्रो साहित्यावरचं पुस्तक होतं, पानं पिवळी पडलेलं. शिकागो हे नाव मी शाळेत असताना त्यातच पहिल्यांदा वाचलं असावं.

तर पप्पांचं म्हणणं असं की ही बाई ओरडत नाही. "एवढा अन्याय आणि कविता इतक्या खालच्या पट्टीत? आम्ही ढसाळांची कविता ऐकायचो तेव्हा अंगावर काटा यायचा."

मी त्यांना एमेट टिलवरच्या दोन कविता सांगितल्या.

एमेट शिकागोचा, याच दक्षिण भागातला चौदा वर्षांचा मुलगा. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सुट्टीत नातेवाइकांकडे मिसिसिपीला गेला. मनी नावाच्या खेड्यातल्या किराणा दुकानात तो गोऱ्या दुकानदारणीशी आगाऊपणाने वागला असा बोभाटा झाला. तिच्या नवऱ्याने आणि दिराने त्याला रात्री घरातून उचललं, हालहाल करून मारलं आणि टॅलाहाची नदीत टाकलं. आई मेमी टिल यांनी मुलाचं प्रेत शिकागोला आणवलं आणि शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाने पाहू दे, एवढंच त्यांचं म्हणणं. स्टेट स्ट्रीटवरच्या रॉबर्ट्स टेंपल चर्चमध्ये हजारो लोकांनी ते पाहिलं, 'जेट' साप्ताहिकाने फोटो छापला. हे चर्च मेक्का होती तिथून त्याच रस्त्याने दक्षिणेला, चालत जाण्याच्या अंतरावर. खटल्यातले बाराही ज्यूरी गोरे पुरुष होते, त्यांनी तासाभरात दोघांना निर्दोष सोडलं. पुढच्या जानेवारीत त्या दोघांनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला आपणच मारल्याचं सांगितलं. सुटका झालेली असल्यामुळे पुन्हा खटला होणार नव्हता. झुंडीने मारण्याला देशपातळीवर गुन्हा ठरवणारा कायदा एमेटच्या नावाने झाला तो २०२२ साली.

ब्रूक्सबाईंचा मोठा मुलगा तेव्हा चौदाच वर्षांचा होता. अशा वेळी काळ्या आईचा आक्रोश लिहिणं स्वाभाविक होतं. त्यांनी काय केलं, तर गोऱ्या दुकानदारणीच्या स्वयंपाकघरात शिरल्या. सकाळची वेळ, ती नाश्ता करतेय आणि तव्यावर बेकन करपतंय. तिला शाळेत शिकलेले पोवाड्यासारखे जुने बॅलड आठवतात, ज्यात एक सालस कन्या असते, एक काळा खलनायक आणि तिला सोडवणारा राजपुत्र. त्या गोष्टीत ती स्वतःला बसवून पाहते. कन्या बसते, राजपुत्र म्हणून नवराही कसाबसा बसतो. खलनायक मात्र बसत नाही, कारण तो पुरेसा मोठाच नाही. त्याचे दुधाचे दात पडून फार दिवस झाले नसावेत. गोष्ट तिथे उसवते. मग नवरा टेबलावर आपल्याच लेकराच्या थोबाडीत मारतो आणि तिला त्या हातावर आणि सगळीकडे लाल दिसू लागतं. तो तिला जवळ ओढतो, तिच्या तोंडून ब्र निघत नाही आणि तिच्या मनात नवऱ्याविषयीचा द्वेष फुलून येतो. कोर्टाने जे म्हणायचं नाकारलं ते कविता आरोपीच्या बायकोच्या डोळ्यांतून, तिच्याच ओट्यापाशी सिद्ध करते.

तिच्या लगेच पुढे दुसरी कविता, अगदी थोडक्या ओळींची. लाल खोलीत बसलेली एमेटची आई. काळी कॉफी पितेय. मेलेल्या मुलाचा मुका घेतेय. एवढंच. आधीच्या कवितेने बॅलड मोडून टाकलंय, म्हणून या आईच्या वाट्याला त्याचं फक्त शेवटचं कडवं येतं.

पप्पा ऐकत होते. म्हणाले, "हिला कोर्टात उभी करायला पाहिजे होती, वकील म्हणून."

अभ्यासक ब्रूक्सबाईंचे दोन भाग पाडतात, १९६७ च्या आधीच्या आणि नंतरच्या. त्या वर्षी नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात कृष्णवर्णीय लेखकांची परिषद झाली. पन्नाशीला टेकलेल्या बाईंना तिथे तरुण, तापलेले कवी भेटले, त्यांची भाषा, त्यांचा ताठ कणा पाहून त्या हलल्या. शिकागोला परतल्यावर ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीतल्या मुलांसाठी लेखनाची कार्यशाळा घेतली, दारूच्या गुत्त्यात जाऊन कवितावाचन केलं. मोठ्या प्रकाशनसंस्थेचा हात सोडून डेट्रॉइटच्या डडली रँडल यांच्या छोट्याशा ब्रॉडसाइड प्रेसकडे गेल्या, कारण ती काळ्या माणसाने काळ्या वाचकांसाठी काढलेली होती. हे सगळं खरं आणि धाडसाचं. पण त्याआधीची ग्वेंडोलिन ब्रूक्स गोऱ्यांना आवडेल असं लिहीत होती आणि मग तिला जाग आली, हे मला मुळीच पटत नाही. किचनेटची कविता १९४५ ची आहे. टिलवरच्या कविता १९६० च्या 'द बीन ईटर्स'मधल्या. सुनीत, म्हणजे इंग्रजी परंपरेतलं चौदा ओळींचं सॉनेट, लिहिलं म्हणून कवी परका होत नाही. सुनितात कोणाची खोली आली हे पाहायचं.

त्याच १९६० च्या संग्रहात पूल हॉलमधल्या, म्हणजे बिलियर्ड्ससारखा पूल खेळायच्या अड्ड्यावरच्या, सात पोरांवरची आठ ओळींची कविता आहे. 'वी रिअल कूल'. सगळी मिळून चोवीस शब्द, सगळे एका झटक्यात उच्चारता येणारे. शाळेच्या वेळात पोरं पूल खेळताना बाईंना दिसली. ही शाळेत का नाहीत असं न विचारता, यांना स्वतःबद्दल काय वाटत असेल असं त्यांनी मनाशी विचारलं. प्रत्येक ओळीच्या टोकाला 'आम्ही' लोंबकळत राहतं आणि बाई तो शब्द वाचताना हळू, जवळजवळ पुटपुटत म्हणत. आपण आहोत की नाही याचीच खात्री नसलेल्या पोरांचं ते 'आम्ही' आहे. शेवटच्या ओळीत ते नसतंच. पुढे टेरन्स हेज या कवीने या कवितेचा एकेक शब्द आपल्या एकेका ओळीच्या शेवटी ठेवून नवी रचना केली. तो आता एक काव्यप्रकारच झालाय, अमेरिकेत शाळेतली मुलं तो लिहितात.

१९६७ च्या उन्हाळ्यात त्रेचाळिसावा रस्ता आणि लँग्ली यांच्या कोपऱ्यावर चित्रकारांनी एका पडक्या इमारतीची भिंत रंगवली, 'वॉल ऑफ रिस्पेक्ट'. काळ्या नायक-नायिकांचे चेहरे, त्यात ब्रूक्सबाईंचाही. अनावरणाला त्यांनी त्या भिंतीविषयीच लिहिलेली कविता वाचली. काही वर्षांतच आग लागली आणि इमारत पाडली. मेक्का नाही, भिंत नाही. दोन्ही पाहायच्या तर 'इन द मेक्का' हेच पुस्तक उघडावं लागतं, कारण भिंतीविषयीची कवितादेखील त्याच्याच उत्तरार्धात आहे.

१९६८ साली कवी कार्ल सँडबर्ग यांच्यानंतर त्या इलिनॉय राज्याच्या राजकवी झाल्या आणि २००० साली जाईपर्यंत होत्या. त्या पदावरून त्यांनी राज्यातल्या शाळकरी मुलांसाठी कवितेची बक्षिसं सुरू केली आणि त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. पेपीटाची दोन ओळींची कविता ज्यांनी लिहिली, त्यांनी बक्षिसाचं पाकीट कुठल्या मुलांच्या हातात ठेवलं असेल हे मला कळतं.

शिकागोला आलात तर ग्रीन लाइनने पस्तिसाव्या रस्त्याला उतरा आणि क्राउन हॉल जरूर पाहा. मग थोडं उत्तर-पूर्वेला, किंग ड्राइव्ह आणि सव्विसाव्या रस्त्याजवळ स्थलांतरितांचा ब्राँझचा पुतळा आहे, हातात सुटकेस आणि अंगावर बुटांच्या झिजलेल्या तळव्यांचा सूट. मिशिगन ॲव्हेन्यूवर साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर आहे. ब्रूक्सबाई १९४१ साली तिथल्या काव्यवर्गात बसायच्या. कविता वाचायच्या असतील तर किचनेटची आधी वाचा, टिलच्या दोन्ही एका बैठकीत, आणि 'इन द मेक्का' शक्यतो कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा.

आमची वरळीची इमारत पुनर्विकासात जातेय. पात्र-अपात्र यादी लागली, तिच्यात खोलीमागे एकेक नाव आहे. मी आणि आई फोनवर दुसरी यादी करतोय, आमच्या इमारतीतल्या ऐंशीही खोल्यांची. कोण राहत होतं, कुठून आलं, गिरणीत होतं की पालिकेत, जयंतीला कोण ढोल वाजवायचं, कुणाची मुलगी पळून गेली, कोण वारलं. पप्पा १९७४ ची माणसं सांगतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलोय. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन खोल्यांत १९८५ च्या आधी कोण होतं, हे दोघांनाही आठवत नाही. आमच्या इमारतीतलं कुणी हे वाचत असेल तर मला लिहा.